ओवाळणीची रॅम

भाऊबीजेला माझ्या भावानं ताटात रॅम टाकली. पाकीट नाही, साडी नाही. प्लास्टिकच्या डबीत शेजारीशेजारी बसवलेल्या दोन हिरव्या पट्ट्या. मी निरांजन धरून तशीच उभी राहिले. आधी मला चॉकलेटच वाटलं.

"हे काय होय गा?"

"रॅम होय, ताई. तुह्या कॉम्प्युटरची. किती दिवस त्याले ढकलत राहशील?"

ढकलतच होते मी. नागपूरच्या महाल भागात आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. खाली स्टुडिओ, वर आम्ही. ते गेल्यावर स्टुडिओ बंद झाला आणि बिस्किटांच्या डब्यांत भरलेल्या निगेटिव्ह तेवढ्या उरल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्या स्कॅन करायला घेतल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण आयुष्यभर भूगोल शिकवल्यावर माणसाला हातानं करायचं काहीतरी लागतं. कॉम्प्युटर मात्र असा की एक मोठा फोटो उघडायला लावला तर तेवढ्यात माझा चहा उकळून, गाळून, पिऊनही व्हायचा.

भाऊ माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. वीज खात्यात इंजिनियर. त्यामुळे घरात मशीनच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. फराळाला हात न लावता त्यानं कॉम्प्युटरची बाजू उघडली. आत दोन पट्ट्या आधीच बसवलेल्या होत्या आणि दोन खाचा रिकाम्या होत्या. पंगतीत रिकामं पान दिसावं तसा तो अस्वस्थ झाला.

"रिकाम्या काहून ठेवाच्या? चारही भरून टाकू."

मी म्हटलं, "जुन्या वेगळ्या कंपनीच्या आहेत, चालन काय?"

"रॅम म्हंजे रॅम. गहू कोणत्या बी वावरातला आण, पोळी होतेच न?"

पट्ट्या बसल्या. मग त्यानं कसल्याशा सेटिंगच्या पडद्यावर जाऊन वेग वाढवला. कॉम्प्युटर सुरू झाला तो धावतच. पुढचे दोन दिवस मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की माझ्या भावानं मला काय ओवाळणी घातली आहे.

थंडीत कॉम्प्युटरला झटके यायला लागले. मधेच पडदा निळा व्हायचा, इंग्रजीत काहीतरी खेद व्यक्त करायचा आणि स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. मी दोष विजेला दिला. भावाला फोन करून त्याच्या खात्याचा उद्धार केला. "तुमची लाईट अशी येते, माणूस सोडा, मशीनही पागल होते." तो हसला आणि म्हणाला, तक्रार लेखी दे.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, आत नवीन काही टाकलं काय?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

आणि मी खोटं बोलत नव्हते. आजही शपथेवर सांगीन. यंदा नवीन काय घेतलं असं कोणी विचारलं, तर माहेरची साडी आपण त्यात धरतो का? मला ती पट्टी म्हणजे पार्ट वाटतच नव्हता. ती ओवाळणी होती. काढून ठेवा असं दुरुस्तीवाला म्हणाला असता, तरी मी काढली नसती. भावानं घातलेलं असं उतरवून ठेवत नाहीत. दुरुस्तीवाला बिचारा म्हणाला, धूळ असेल. मी धूळ काढली. झटके थोडे कमी झाल्यासारखे वाटले, किंवा मला सवय झाली असेल.

आता आईचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

भावाच्या वेळी आई बाळंतपणाला माहेरी गेली. नरखेड तालुक्यात तिचं गाव, संत्र्याच्या बागांमधलं. माझी शाळा होती म्हणून मी नागपूरलाच बाबांजवळ आणि आत्याजवळ राहिले. मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा बाबा कॅमेरा घेऊन गेले. दोन दिवस राहून कामाला परत आले. त्यानंतर पुन्हा निरोप आला. तेव्हा गेलेले बाबा परत आले ते शालीत गुंडाळलेलं बाळ घेऊन. आई आली नाही.

आत्यानं आम्हाला वाढवलं. तिच्या हाताला चव होती आणि जिभेवर काटे. भाऊ जरा हट्टाला पेटला की ती म्हणायची, "पांढऱ्या पायाचं पोट्टं. मायनं तोंड बी नाही पाह्यलं याचं. शुद्धीवरच नाही आली ते." हे वाक्य त्यानं अक्षरओळख होण्याआधी पाठ केलं होतं. पुढे शिकला, नोकरी लागली, लग्न झालं, मुली झाल्या. पण ते वाक्य त्याच्या आतून काही गेलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावरही तो एकदा मला सहज विचारावं तसं म्हणाला होता, "ताई, एक डाव तरी पाह्यलं असन का वं तिनं मले?" मी काय सांगणार? मी तिथे नव्हते. बाबांना विचारावं तर बाबा त्या विषयावर कायमचे मुके होते. घरात आईचा एकच फोटो, तोही लग्नाच्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, धुरकट.

चैत्रात मला एका डब्याच्या तळाशी निगेटिव्हचं एक पाकीट सापडलं. बाबा प्रत्येक पाकिटावर गिऱ्हाइकाचं नाव लिहीत. या पाकिटावर काहीच नव्हतं. निगेटिव्ह एकमेकींना चिकटून वडी झाली होती. मी ती ताटलीत पाण्यात भिजत घातली आणि नखानं हळूहळू सोडवली. बाकीच्या कोऱ्या होत्या, तीन चौकटींत काहीतरी दिसत होतं. ओलसर असतानाच स्कॅनरवर ठेवल्या.

पहिल्या चौकटीत अंगण. दुसऱ्यात विहिरीजवळ कोणीतरी बाई, पाठमोरी. तिसरी पडद्यावर वरून खाली उमटत गेली आणि माझा हात माउसवरच राहिला.

आई बाजेवर बसली होती. डोक्याला फडकं बांधलेलं. मांडीवर बाळ, पांढऱ्या दुपट्यात. तिचा एक हात बाळाच्या मानेखाली होता आणि बाळानं तिच्या मंगळसूत्रात मूठ अडकवलेली होती. ती मूठ सोडवत ती हसत होती. कॅमेऱ्याकडे बघून नव्हे. खाली, त्याच्याकडे बघून.

शुद्धीवरच आली नाही म्हणे! ही शुद्धीवर होती, बसली होती, हसत होती. आत्यानं हे कुठून काढलं होतं? कोणी तिला असं सांगितलं होतं, की रागाच्या भरात तिनं स्वतःच रचलं आणि मग तिलाही खरं वाटायला लागलं? ती आता विचारायला नाही. आणि बाबा? बाबांनीच हा फोटो काढला होता. त्यांनीच तो धुतला होता. त्यांच्या देखत एक मूल आयुष्यभर "पांढऱ्या पायाचा" ऐकत राहिलं आणि त्याचं उत्तर बिस्किटाच्या डब्यात पडून होतं. मी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोला मोठ्यानं म्हणाले, "बाबा, तुम्ही माणूस होते की कपाट?" इतकी वर्षं मी त्यांच्या गप्प बसण्याला सोशिकपणा म्हणत आले होते. त्या दुपारी तो शब्द मी परत घेतला.

कदाचित त्यांना तो फोटो बघवत नसेल. असेलही. पण मुलाला दाखवायला काय झालं होतं?

मी फोटो सेव्ह केला. काम झाल्याचं कॉम्प्युटरनं सांगितलं. फोल्डरमध्ये त्याचं इवलंसं चित्र आलं, आई, बाज, पांढरं दुपटं, सगळं जागच्या जागी. इकडे निगेटिव्ह मी वर्तमानपत्रावर वाळत घातल्या होत्या. कूलरच्या वाऱ्यात त्या कडेनं वळल्या आणि संध्याकाळपर्यंत दुधावरची साय सुटावी तसा चित्राचा थर प्लास्टिकवरून सुटून आला. बोट लावलं तर चुरा झाला. मला वाईट वाटलं, पण घाबरले नाही. फोटो आत होता न.

भावाला लगेच सांगितलं नाही. अक्षय्य तृतीया जवळ आली होती. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं मातीची घागर भरतात आणि आमरसाचं जेवण असतं. भाऊ जेवायला येणार होता. घागरीशेजारी आईचा हा फोटो, चांगल्या चौकटीत, मोठा करून ठेवायचा आणि त्याला काही न बोलता पाटावर बसवायचं, असं मी ठरवलं. त्याचा चेहरा कसा होईल हे मी रोज मनात बघत होते.

पेन ड्राईव्ह घेऊन रामदासपेठेतल्या फोटो लॅबमध्ये गेले. तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, फाईल खराब आहे."

"असं कसं खराब आहे? मी स्वतः पाह्यलाय फोटो. तुमचं मशीन नीट पाहा." माझा आवाज चढला. रांगेतले दोघे वळून बघायला लागले.

तिनं पडदा माझ्याकडे फिरवला. आईचं डोक्याचं फडकं, कपाळ, भुवया, खाली झुकलेले डोळे, नाक. तिथे एक गुलाबी-हिरवी रेघ आडवी गेली होती. त्याखाली सगळं करडं. रस्त्याच्या डांबरासारखं सपाट करडं, थेट तळापर्यंत. हसू नाही, हात नाही, मांडी नाही. बाळ नाही.

मला खुर्ची कोणी दिली ते आठवत नाही. त्या मुलीनं पाणी आणून दिलं एवढं आठवतं. मी तिला विचारत राहिले, मग लहान चित्रात कसा पूर्ण दिसतो? तिनं समजावलं की लहान चित्र फाईलमध्ये वेगळं ठेवलेलं असतं. मोठ्यात एका जागी बिघाड झाला की तिथून खालचं सगळं जातं, लहान मात्र तसंच राहतं. म्हणजे फोल्डर उघडून ज्या चित्रांकडे बघून मी रोज समाधानानं मान हलवत होते ती नुसती पाटी होती. मागे दुकान रिकामं झालं होतं.

घरी येऊन ते लहान चित्र मोठं करून पाहिलं. नुसते चौकोन. बाळाच्या जागी पाच-सहा पांढरे ठिपके.

मग मी एकेक फोटो पूर्ण उघडून बघायला बसले. तोपर्यंत एकदाही बघितलं नव्हतं; सेव्ह झालेलं परत कोण उघडून बघतं? कुठे नवरीचं तोंड गेलेलं, कुठे पैलवानाचे पाय. कुठे अख्खं कुटुंब गळ्यापासून खाली करडं. सगळेच खराब नव्हते, मधूनमधून होते. अंगणाचा धड होता. विहिरीचा धड होता. ज्यात बघण्यासारखं काही नव्हतं ते दोन्ही फोटो अगदी काचेसारखे स्वच्छ. मी टेबलावर हात आपटला.

आणि दिवाळीच्या आधीचे सगळेच्या सगळे चांगले होते. दिवाळी. भाऊबीज.

कॉम्प्युटर रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला आणि या वेळी त्याला सगळं सांगितलं. त्यानं जुन्या दोन पट्ट्या ठेवून तपासलं. निर्दोष. त्या काढून नव्या दोन घातल्या. निर्दोष. चारही एकत्र घातल्या आणि पडद्यावर चुकांच्या लाल ओळी सुरू झाल्या, संपेचनात.

"दोन्ही जोड्या चांगल्या आहेत, मावशी. वेगवेगळ्या वेगाच्या आहेत, त्यात सेटिंग वाढवून ठेवली. एकत्र नाही जमत त्यांचं, मग फोटो मधूनच चुकीचा लिहिल्या जातो."

"म्हणजे कोणती खराब आहे?"

"कोणतीच नाही."

हे मला ऐकवेना. मला कोणीतरी गुन्हेगार हवा होता. इतकं मोठं काहीतरी पुसलं गेलं आणि गुन्हा कोणाचाच नाही, हे काय उत्तर झालं? त्याहून धक्का मला दुसऱ्याच गोष्टीचा बसला होता. मशीन बंद पडतं, जळतं, अडकतं, हे मला माहीत होतं. पण चुकीचं लिहायचं आणि वर काम झालं म्हणून सांगायचं, हे मशीन करतं हे मला माहीत नव्हतं. ते माणसं करतात असं मी समजत होते.

"परत निघन का?" मी विचारलं.

"जे लिहिल्याच नाही गेलं, ते कुठून काढू?"

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. भावाला सांगायचं कसं? आईनं त्याला पाहिलं होतं, हे सांगायचं म्हणजे फोटोचं सांगणं आलं. फोटोचं सांगायचं म्हणजे तो कशानं गेला ते सांगणं आलं. आणि ते ऐकून तो काय म्हणेल ते मला शब्दशः ठाऊक होतं. पाह्य ताई, पांढरा पाय. माहा हात लागला की जातेच. ज्या गोष्टीनं ते वाक्य कायमचं खोडलं गेलं असतं, तीच ते वाक्य खरं करायला निघाली होती.

मी ठरवलं, विजेवर ढकलायचं.

अक्षय्य तृतीयेला तो आला. घागरीला नमस्कार केला, पाणी प्यायला. मी त्याला आधी कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि सगळं सांगितलं. निनावी पाकीट, बाज, दुपटं, मंगळसूत्रातली मूठ. मग फोटो उघडला. तो बराच वेळ त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"खालचं काहून गेलं?"

"लाईट गेली न मधेच. सेव्ह होता होता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "लाईट गेली तर फाईल अर्धी राह्यते, ताई, किंवा उघडतच नाही. असे रंग नाही येत." मग हळूच म्हणाला, "तू मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली न?"

लहानपणी आत्याचं बोलणं ऐकून तो रडला की मी त्याला पांघरुणात घेऊन गोष्ट सांगायची. आईनं तुला असं घेतलं, तसं न्हाऊ घातलं, तुझी पापी घेतली. सगळी माझ्या मनची. तो मोठा झाला तेव्हा त्याला कळलं की ताई त्या वेळी नागपुरात होती. त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण गोष्ट मागणं थांबवलं. आणि आता पहिल्यांदा माझ्याजवळ खरं होतं, तर तो मला ती जुनीच गोष्ट सांगणारी समजत होता. विजेचं एक खोटं पकडलं गेलं आणि त्याच्यामागे मूठ, दुपटं, हसू, सगळं खोट्यात गेलं.

"लाईट नाही," मी म्हणाले. "रॅम. तू आणलेली. जुनीशी जमली नाही तिची. दुकानात तपासून आणलं मी. चांगल्या होत्या दोन्ही, एकत्र नाही चालल्या. दिवाळीपासूनचे कितीतरी फोटो असेच गेले."

त्याचा चेहरा उतरला. जे मला ठाऊक होतं तेच तो बोलला, "पाह्य. माह्याच हातानं."

"चूप!" मी ओरडले. शाळेत वर्गावर ओरडायची तशी. "पुढचा शब्द बोलशील तर उठून जा. पांढरा पाय म्हणे! तुले पाहून हसत होती ते. म्या डोळ्यानं पाह्यलं. खोटंच सांगाचं असतं तर तुह्या रॅमचं काहाले सांगतलं असतं?"

बाहेर आमरसाच्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहिलं होतं, पण मी उठले नाही.

थोड्या वेळानं त्यानं खुर्ची पुढे ओढली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"कोण्या हातावर होतो मी?"

"डाव्या."

त्यानं पडद्यावरच्या करड्या भागावर बोट ठेवलं. "इथं?"

"अजून खाली. थोडं उजवीकडं सरकव."

त्यानं बोट सरकवलं. "इथं?"

"हो. तिथं तुहं डोकं होतं."

बोट तसंच ठेवून त्यानं वर, आईच्या झुकलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग डोळ्यांपासून बोटापर्यंत, पुन्हा बोटापासून डोळ्यांपर्यंत, दोन-तीन वेळा.

"इकडंच पाहून राहिली वं, ताई," तो म्हणाला.